पत्रकातील दोन अक्षरे: जिवाणू आणि विषाणू यांच्या घोळाचे एक प्रकरण

काही वर्षांपूर्वीच्या आषाढात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका गावात पन्नाशीच्या एका बागायतदाराने लेप्टोस्पायरोसिसच्या संशयावरून डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या, दहा कॅप्सूलांपैकी दोन घेतल्या आणि उरलेल्या आठ काजूगरांच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिल्या. त्याला पैशांची अडचण नव्हती, औषध सोसले नाही असेही झाले नव्हते आणि डॉक्टरांवर त्याचा अविश्वास तर मुळीच नव्हता. औषध थांबवण्याचा निर्णय त्याने घरात आलेले एक छापील पत्रक दोनदा वाचून घेतला. त्या पत्रकात लेप्टोस्पायरोसिसला ‘विषाणूजन्य ताप’ म्हटले होते आणि त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला, डेंग्यूच्या मजकुराखाली, ‘विषाणूजन्य तापावर प्रतिजैविके चालत नाहीत’ असे ठळक अक्षरांत छापले होते. ही दोन विधाने शेजारी ठेवल्यावर जो निष्कर्ष निघतो तोच त्याने काढला. त्याचा तर्क चोख होता. पहिल्या विधानातला एक शब्द चुकीचा होता.

ते पत्रक छापण्यापूर्वी माझ्या हातून गेले होते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यापासून मी ओळखीच्यांची, मंडळांची आणि कार्यालयांची पत्रके तपासून देते, तसेच हेही आले होते. मजकुरात ‘विषाणु’ असे ऱ्हस्व उकाराने लिहिले होते. मी लाल शाईने उकार दीर्घ केला आणि पुढच्या ओळीकडे वळले. तिथे मुळात दुसराच शब्द हवा होता, हे माझ्या लक्षात आले नाही. त्यामुळे हे प्रकरण मला त्रयस्थासारखे लिहिता येणार नाही. शब्द कसा चुकला, इतक्या जणांच्या नजरेतून तो कसा सुटला आणि घरात पोहोचल्यावर त्या चुकीचे काय झाले, हे मला जसजसे कळत गेले तसे येथे मांडते आहे. कार्यालय, गाव आणि कुटुंब यांची नावे हेतुपुरस्सर दिलेली नाहीत.

पावसाळ्यातला ताप

सत्तरी हा म्हादईच्या खोऱ्यातला, पाठीला सह्याद्री असलेला तालुका. इथे घराघरांत बोलली जाते ती कोकणी. पण पोथी, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका आणि पंचायतीची सूचना अनेक घरांत मराठीतच वाचली जाते. शाळेत मराठीतून शिकलेल्या पिढीला छापील मराठी अक्षराविषयी जो आदर आहे, तो मी माझ्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांमध्ये वर्षानुवर्षे पाहिला आहे. कागदावर छापून आले म्हणजे कोणीतरी जाणत्याने ते पाहिले असणार, हा त्यांचा विश्वास असतो. या प्रकरणात त्याच विश्वासाला धक्का बसला.

ज्यांच्याविषयी हे लिहिते आहे त्या गृहस्थांचे पोफळी, माड आणि मिरवेलींचे लहानसे कुळागर आहे, घरामागे तीन गुरांचा गोठा आहे. जून उजाडला की कुळागरातले पाट मोकळे करणे, पडलेल्या झावळ्या ओढून काढणे, गोठ्यातले शेण वाहणे ही कामे अनवाणीच होतात, कारण त्या चिखलात चप्पल टिकत नाही आणि गमबूट पायात जड होतात. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या होत्या. त्याकडे घरात कोणी आजार म्हणून पाहत नाही. पावसाळा आला की चिखल्या यायच्याच.

लेप्टोस्पायरोसिसला, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘लेप्टो’ म्हणतो त्या रोगाला, हीच वाट पुरते. लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या मूत्रपिंडात राहतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात ते कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे तग धरतात. माणसाच्या त्वचेवरील चिरेतून, जखमेतून, डोळ्यांच्या किंवा तोंडाच्या ओल्या आवरणातून ते आत शिरतात आणि बहुधा ५ ते १४ दिवसांनी ताप भरतो. थंडी वाजून येणारा ताप, डोके फुटेल अशी डोकेदुखी, पोटऱ्यांमध्ये असह्य वेदना आणि चिपडे न येता लाल झालेले डोळे ही त्याची ओळख. पुष्कळ रोगी यातून सहज बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, मूत्रपिंडे काम करीनाशी होतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो. १८८६ मध्ये अडॉल्फ वाइल या जर्मन वैद्यांनी रोगाच्या या गंभीर रूपाचे वर्णन केले, तेव्हा त्याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. ते १९१५ मध्ये जपानमध्ये इनाडा आणि इडो यांना सापडले.

ताप भरल्यावर दुसऱ्या दिवशी गृहस्थ जवळच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या, काम कोणते करता ते विचारले, पाय पाहिले आणि लेप्टोचा संशय घेऊन डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या. रक्त तपासायलाही सांगितले. पहिल्या आठवड्यात रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी पुष्कळदा काहीच दाखवत नाही, म्हणून अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करणे हेच रास्त असते. डॉक्टरांनी आपले काम नीट केले होते. त्या रात्री एक कॅप्सूल पोटात गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी. त्यानंतर धाकट्या मुलाने फळीवरचे पत्रक काढून वडिलांना वाचून दाखवले, मग वडिलांनी चष्मा लावून ते स्वतः वाचले.

पुढचे तीन दिवस ते फक्त पॅरासिटामॉल घेत राहिले. ताप उतरे, पुन्हा चढे. पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले आणि लघवी अगदी थोडी होऊ लागली, तेव्हा त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवले. तिथे शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले, डायलिसिसही करावे लागले, आणि जवळपास तीन आठवड्यांनी ते घरी आले. आज ते बरे आहेत, कुळागरात काम करतात. कॅप्सूल न थांबवता घेतल्या असत्या तर हे सगळे टळले असते का, असे मी नंतर त्या पहिल्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले की एका रोग्याबाबत असे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. पण या रोगात प्रतिजैविक जितके लवकर सुरू होईल तितके बरे, आणि हातात असलेले औषध तीन दिवस डब्यात पडून राहावे हे कोणत्याही हिशेबाने योग्य नव्हते.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने तो डबा माझ्यासमोर उघडला. आत औषधाची चंदेरी पट्टी होती, दोन पुड्या फुटलेल्या, आठ तशाच. पट्टीभोवती ते पत्रक चौघडी करून गुंडाळलेले होते, जणू औषध का ठेवून दिले त्याचे कारणही सोबत जपून ठेवावे. त्या म्हणाल्या, “बाई, आम्ही कागद वाचला नसता तर ह्यांनी गोळ्या घेतल्या असत्या ना?” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी हो म्हणाले.

शब्द कुठे बदलला

पत्रकाचा मूळ आराखडा इंग्रजीत होता आणि त्यात लेप्टोचा कारक बॅक्टेरिया असल्याचे स्पष्ट लिहिले होते. पहिल्या मराठी अनुवादातही ‘जिवाणूंमुळे होणारा ताप’ असेच होते. तो कागद मी नंतर मागून घेऊन पाहिला. बदल झाला तो तिसऱ्या टप्प्यावर, पत्रक ‘सोपे’ करताना. ज्यांनी तो केला ते सज्जन, मराठीवर प्रेम असलेले कर्मचारी आहेत. त्यांनी मला जे सांगितले ते या संपूर्ण प्रकरणातले सर्वांत मोलाचे विधान आहे असे मला वाटते. ते म्हणाले, “बाई, लेप्टोने माणूस दगावतो. ‘जिवाणू’ वाचून कोण सावध होणार? ‘विषाणू’ म्हटलं की लोक काळजी घेतात.”

म्हणजे हा शब्द निष्काळजीपणाने पडलेला नव्हता. त्यांनी दोन्ही शब्द तोलले होते, पण ज्या तराजूत तोलले तो तराजू चुकीचा होता. ‘विषाणू’ म्हणजे अधिक घातक रोगजंतू आणि ‘जिवाणू’ म्हणजे त्याचा सौम्य भाऊ, अशी त्यांची समजूत होती. मी त्यानंतर कितीतरी सुशिक्षित माणसांना हे दोन शब्द विचारून पाहिले. बहुतेकांनी त्यातला भेद हाच सांगितला: विषाणू वाईट, जिवाणू त्यामानाने बरे. काहींनी आकाराचा भेद सांगितला, तो खरा आहे. औषधाचा भेद आपण होऊन सांगणारे फार थोडे निघाले.

असा समज का होतो, हे शब्दांकडे पाहिले की उमगते. हे दोन्ही शब्द मराठी माणसाला ऐकताक्षणी अर्थ सांगतात. ‘विष’ आणि ‘अणू’. ‘जीव’ आणि ‘अणू’. एकात मरण आहे, दुसऱ्यात प्राण. व्हायरस आणि बॅक्टेरिया हे परके शब्द कानाला काहीच सुचवत नाहीत, त्यामुळे ते निदान दिशाभूल तरी करत नाहीत. आपल्या शब्दांच्या पोटात अर्थ भरलेला आहे आणि एरवी हीच आपल्या भाषेची श्रीमंती. इथे मात्र पोटातला अर्थ आणि शास्त्रातला अर्थ यांच्यात फट पडली आणि त्या फटीत एक रोगी सापडला.

वास्तव असे आहे की धोक्याशी या भेदाचा संबंधच नाही. पटकी, प्लेग, क्षय, घटसर्प, धनुर्वात हे माणसांचे थवेच्या थवे नेणारे रोग जिवाणूंचे. देवी, गोवर, पोलिओ, अलर्करोग (रेबीज) हे विषाणूंचे. साधी सर्दीही विषाणूचीच. दुसऱ्या बाजूला दह्याचे विरजण लावणारे जिवाणूच, आणि वाल-चवळीच्या मुळांवरच्या गाठींमध्ये बसून जमिनीला नत्र पुरवणारेही जिवाणूच. आणखी एक शब्द इथे सांगितला पाहिजे, कारण त्याने माझ्यासमोर दोघांना फसवले: ‘विषमज्वर’. त्यात ‘विष’ ऐकू येते म्हणून तो विषाणूंचा ताप असणार असे त्यांनी गृहीत धरले होते. तो शब्द ‘विष’ अधिक काही असा नाहीच. तो ‘विषम’ आणि ‘ज्वर’, म्हणजे एकसारखा न राहणारा ताप. टायफॉइडसाठी आपण तो वापरतो आणि टायफॉइड जिवाणूंमुळे होतो.

भेद नेमका कशाचा आहे

जिवाणू ही एक पूर्ण पेशी आहे. तिला स्वतःची भित्तिका असते, अन्न घेऊन शक्ती मिळवण्याची यंत्रणा असते, प्रथिने घडवण्याची स्वतःची केंद्रे असतात, आणि योग्य परिस्थितीत ती दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय दुभंगून दोन होते. विषाणूजवळ यातले काहीच नाही. प्रथिनाच्या कवचात, कधी वर स्निग्ध आवरण घेऊन, गुंडाळलेला जनुकांचा धागा म्हणजे विषाणू. जिवंत पेशीत शिरून तिचीच यंत्रणा आपल्या कामाला लावल्याशिवाय त्याला स्वतःची प्रत काढता येत नाही. जिवाणूंना ग्रासणारेही विषाणू असतात, हे १९१५ मध्ये ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ मध्ये देरेल यांनी दाखवले. एवढ्या एका गोष्टीवरून तरी कळावे की ही एकाच वस्तूची लहानमोठी रूपे नव्हेत.

औषधाचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. पेनिसिलिन जिवाणूंची भित्तिका उभारू देत नाही. डॉक्सिसायक्लिन जिवाणूंच्या प्रथिने घडवणाऱ्या केंद्रांना अडवते. विषाणूला भित्तिका नाही आणि तसली केंद्रेही नाहीत, मग हे औषध अडवणार कशाला? म्हणून डेंग्यूवर प्रतिजैविक निरुपयोगी आहे आणि लेप्टोवर ते उपयोगी आहे. ‘विषाणूवर औषधच नसते’ असा याचा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. एड्सचा विषाणू दाबून ठेवणारी, यकृतदाहाच्या ‘सी’ विषाणूला शरीरातून घालवणारी औषधे आहेत, ती निराळ्या जातीची आहेत इतकेच.

शब्दांचा हा घोळ फक्त आपला नाही, याचा मला थोडा दिलासा वाटला. ‘व्हायरस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच विष असा आहे, आणि एकोणिसाव्या शतकात कोणत्याही सांसर्गिक रोगाच्या कारकाला तो सर्रास लावला जाई. १८८० च्या सुमारास लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करीत होते तेव्हा त्यांनीही त्याच्या कारकाला ‘व्हायरस’ म्हटले, आणि तो तर जिवाणू. पुढे १८९२ मध्ये इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. गाळलेला रसही निरोगी पानांना रोग देत होता. १८९८ मध्ये बायेरिंक यांनी हे काहीतरी निराळेच असल्याचे ओळखले आणि हळूहळू ‘व्हायरस’ हा शब्द गाळणीतून निसटणाऱ्या या नव्या वस्तूपुरता राखून ठेवला गेला. म्हणजे आमच्या पत्रकातला ‘विषाणू’ पाश्चर यांच्या काळच्या अर्थाने बसला असता. आजच्या अर्थाने बसत नव्हता.

गाळणीच्या या कसोटीत लेप्टोस्पायरा मोठी गंमतीची जागा घेतो. त्याची लांबी साधारण ६ ते २० मायक्रोमीटर असते, पण जाडी जेमतेम ०.१ मायक्रोमीटर. मळसूत्रासारखा पीळ असलेला, टोकाशी आकड्यासारखा वळलेला हा जिवाणू इतका सडपातळ आहे की इतर जिवाणूंना अडवणाऱ्या बारीक गाळणीतून तो पार होऊ शकतो, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो जवळजवळ दिसतच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर तिरपा प्रकाश टाकून पाहावा लागतो. तरीही तो जिवाणूच आहे, कारण तो पेशी आहे आणि प्रयोगशाळेत योग्य द्रवात स्वतःच्या बळावर वाढतो. सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाचा डेंग्यूचा विषाणू अशा कोणत्याही द्रवात नुसता ठेवला तर वाढणार नाही. त्याला जिवंत पेशीच लागतात.

आपल्या जुन्या भाषेने हा प्रश्न कधी अंगावर घेतलाच नव्हता. गार्सिया द ऑर्ता यांचा १५६३ मध्ये गोव्यात छापलेला औषधींवरील ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात पटकीचे वर्णन आहे आणि तिथे आलेले स्थानिक नाव आपल्या ‘मोडशी’चेच रूप आहे. मोडशी, पटकी, हिवताप, कावीळ, गोवर, डांग्या खोकला ही बहुतेक नावे रोग्याच्या देहावर काय दिसते किंवा त्याला काय होते यावरून पडलेली आहेत. देहाआड काय आहे हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. ती जबाबदारी आपण ‘जिवाणू’ आणि ‘विषाणू’ या नव्या शब्दांवर टाकली, आणि टाकताना वाचकाला भेद सांगायचा राहून गेला. बोलण्यात तर आपण अजूनही ‘जंतू’ म्हणतो, दूरचित्रवाणीवरील जाहिरातींमुळे हिंदीतला ‘किटाणू’ म्हणतो, आणि कसलाही अंगमोडी ताप आला की ‘व्हायरल आहे’ म्हणून मोकळे होतो.

काजूच्या दिवसांतला दुसरा ताप

सत्तरीत हा प्रश्न इतर ठिकाणांहून अधिक टोकदार का आहे, ते माकडतापामुळे समजते. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा या रोगाची ओळख पटली. त्याचे शास्त्रीय नावही त्या रानावरूनच पडले. तो गोचिडींतून पसरतो आणि २०१५ पासून सत्तरीनेही तो अनुभवला आहे. त्याचे दिवस डिसेंबरपासून पावसाच्या तोंडापर्यंतचे, म्हणजे नेमके बोंडू गोळा करायला माणसे पाचोळा तुडवत काजूच्या रानात जातात ते. हा ताप विषाणूचा आहे. त्याच्यावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही, त्याच्यासाठीचे खास औषधही नाही. शरीरातील पाणी टिकवणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, त्रास होईल तसा आधार देणे हाच उपचार.

म्हणजे त्याच गावात, त्याच माणसाला, आषाढात जिवाणूंचा ताप येऊ शकतो आणि फाल्गुनात विषाणूचा. पहिल्यात कॅप्सूल घ्यायला हवी, दुसऱ्यात तिचा उपयोग नाही. त्यात भर अशी की रानातल्या बारीक किड्यांच्या चावण्यातून येणारा स्क्रब टायफस हा जिवाणूंचा आहे आणि त्याच्यावर डॉक्सिसायक्लिन उत्तम लागू पडते. मग माकडताप की स्क्रब टायफस हे कळेपर्यंत डॉक्टर ती सुरूही करू शकतात. हिवताप तर या दोन्हींत बसत नाही, त्याचा कारक प्लाझ्मोडियम हा एकपेशीय परजीवी आहे.

मला या प्रकरणात सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट येथे सांगते. पत्रकातले ठळक वाक्य, विषाणूजन्य तापावर प्रतिजैविके चालत नाहीत हे, अगदी बरोबर होते आणि फार आवश्यक होते. करोनाच्या साथीने ते वाक्य लोकांच्या मनात पक्के बसवले होते. आमच्या गृहस्थांनी ते मानले म्हणूनच ते फसले. अडाणी माणूस त्या कागदाने फसला नसता.

दुरुस्तीचे दोन प्रयत्न

पत्रक मागे घेऊन नवे करायचे ठरले तेव्हा पहिला विचार साहजिक होता: ‘विषाणू’ काढावा, ‘जिवाणू’ घालावा, संपले. मी आग्रह धरला की नवा मजकूर छापण्याआधी गावात कोणाला तरी वाचून दाखवावा. एका देवळाच्या मंडपात स्वयंसाहाय्य गटाच्या अकरा बायका जमल्या होत्या, त्यांना तो वाचून दाखवला आणि ‘समजले का’ असे न विचारता ‘घरी ताप आला तर तुम्ही काय कराल’ असे विचारले. समजले का विचारले की सगळे होच म्हणतात, हे शाळेतल्या वर्षांनी मला शिकवले आहे.

एका आजींनी लगेच विचारले, “नातवाच्या पुस्तकात जिवाणू दह्यात असतात म्हणून लिहिलंय. मग त्यांना मारायचं कशाला?” प्रश्न अतिशय रास्त होता. आमच्या दुरुस्त मजकुरातही ‘जिवाणू’ हा शब्द एकटाच उभा होता आणि आजींच्या मनात तो दह्यापाशी जाऊन बसला. दुसऱ्या एका तरुण बाईंनी उलट टोक गाठले: जिवाणू असेल तर औषध आहे, मग घरात उरलेल्या आठ-दहा कॅप्सूल असतातच, त्या घ्याव्यात. हा धोका पहिल्यापेक्षा कमी नव्हता. अर्धवट घेतलेली, दुसऱ्याच तापाला घेतलेली प्रतिजैविके जिवाणूंना औषधाची सवय लावतात, आणि मग खरी गरज असताना ते औषध निकामी ठरते.

तेव्हा आम्ही वाक्येच नव्याने लिहिली. कारक आधी, त्याची वाट त्याच्याआधी, आणि काय करायचे ते लगेच त्याच दमात: ‘लेप्टोचा ताप उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या रोगकारक जिवाणूंमुळे होतो. जिवाणूंवर प्रतिजैविक औषध लागू पडते. डॉक्टरांनी ते दिले तर दिलेले सगळे दिवस घ्या, मध्ये थांबवू नका.’ छपाईत ‘मूत’ हा शब्द नको, ‘लघवी’ घाला, असे सुचवण्यात आले होते. मंडपातल्या बायकांना उंदराची लघवी विचित्र वाटली, जनावराचे ते मूतच, शब्द राहिला. डेंग्यूच्या बाजूला ‘हा ताप विषाणूमुळे येतो, त्यावर प्रतिजैविक लागू पडत नाही, भरपूर पाणी, पेज घ्या, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका’ असे आले, आणि ‘विषाणूजन्य ताप’ हा सामान्य उल्लेख सगळीकडून काढून प्रत्येक ठिकाणी तापाचे नाव घातले. जिथे भेदाची गरज नव्हती तिथे सरळ ‘रोगजंतू’ लिहिले. शेवटी, दोन्ही बाजूंना एक वाक्य सारखेच ठेवले: ‘ताप कोणता आहे हे या कागदावरून ठरवू नका. डॉक्टरांनी औषध कशासाठी दिले ते त्यांनाच विचारा.’

भेद लक्षात ठेवायला एक सोय भाषेनेच करून ठेवलेली निघाली, ती मला आधी कधीच दिसली नव्हती. ‘प्रतिजैविक’ या शब्दात ‘जीव’ आहे आणि ‘जिवाणू’तही ‘जीव’ आहे. जीवावरचे औषध जीवाला, विषाला नाही. शास्त्रकार नाक मुरडतील, कारण प्रतिजैविक बुरशीला किंवा माणसाच्या पेशीला मारत नाही आणि शब्दार्थाने पाहिले तर तेही जीवच. पण मंडपात ही जोडी सांगितली तेव्हा आजींनी ती स्वतःहून दुसऱ्या बाईंना समजावून सांगितली, आणि बरोबर सांगितली. मी ती तेवढ्यापुरती स्वीकारली.

माझ्या कामाच्या पद्धतीतही त्यानंतर बदल झाला. आरोग्याचा मजकूर आला की शुद्धलेखनाला हात लावण्याआधी मी तो एकदा फक्त अर्थासाठी वाचते, रोगांची आणि कारकांची नावे वेगळ्या कागदावर उतरवून घेते आणि ती एका डॉक्टरांना दूरध्वनीवर वाचून दाखवते. याला दहा मिनिटे लागतात. मुद्रितशोधकाचे काम अक्षरांपुरते आहे असे पूर्वी मी मानत असे आणि इतरांनाही सांगत असे. आता सांगत नाही.

नवे पत्रक श्रावणात वाटले गेले. जुन्या प्रती परत घेण्याची सूचना निघाली होती, पण चिकटवलेला कागद कोणी परत आणून देत नाही. त्या गृहस्थांच्या गावात मी पुन्हा गेले तेव्हा दूध सोसायटीच्या भिंतीवर, वजनकाट्याच्या वर, जुने पत्रक तसेच होते. ओलीने कडा फुगल्या होत्या, अक्षरे शाबूत होती. सकाळची वेळ होती, कॅन घेऊन माणसे रांगेत उभी होती. सोसायटीच्या लेखनिकांकडून पेन मागून घेतले. ‘विषाणूजन्य’मधले पहिले अक्षर खोडून वर ‘जि’ लिहिले, दुसरे खोडून ‘वा’. पुढची सगळी अक्षरे तीच होती. रांगेत मागे ते गृहस्थ उभे होते, हे मला नंतर दिसले. ते पुढे आले, चष्मा लावून ती ओळ त्यांनी वाचली आणि लेखनिकांना म्हणाले, “मागची बाजू भिंतीला चिकटली आहे, ती कोणाला दिसणार नाही. नवा कागद आणून लावा.” दुसऱ्या दिवशी मी तो आणून दिला.